गावच्या घरी परतताय? संक्रांतीनंतर या

"पुण्यातली नोकरी सोडून बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या आमच्या गावी कायमचं राहायला जायचं ठरवतोय. कौलारू घर आहे, दीड एकर भाताची जमीन, परड्यात विहीर आणि एक म्हैस. सासूबाई एकट्याच असतात. मुलं तिसरीत आणि पहिलीत. जूनमध्ये पावसाबरोबर जाऊ म्हणतो. तिथला रोजचा दिवस कसा असतो? आधी काय हाती घ्यावं? उन्हाळा झेपेल का? आणि एवढ्यावर घर चालेल का?" असं तुम्ही विचारलंय. मी खानापूर तालुक्यात सासरचं असंच घर, गोठा आणि शेत लग्नापासून बघत आले आहे. त्यामुळे जे आहे ते सरळ सांगते.

जूनमध्ये येऊ नका. निदान दोघांपैकी एकानं तरी संक्रांत झाली की यावं. इथल्या शाळा मेच्या अखेरीस भरतात. मुलं आणि दुसरं माणूस तेव्हा आलं तरी चालेल. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीला धरून आहेत, म्हणून ती आधी सांगितली.

आपल्या जिल्ह्यात अथणीकडं वर्षाला पाऊस ५००-६०० मिलिमीटर, बेळगाव शहरात १२०० च्या आसपास, आणि मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीला ३००० च्याही वर. तुमचं गाव यातल्या ओल्या बाजूला आहे. मृगापासून गणपतीपर्यंत तिथं दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तर धान्य, मिरची, जळण, शेणी काय वाळणार? त्या तीन-साडेतीन महिन्यांत माणसांना आणि जनावरांना जे लागतं ते सगळं आधीच वाळून छपराखाली गेलेलं असावं लागतं. हे काम सुगी संपल्यापासून रोहिणी निघेपर्यंतच्या उन्हात होतं. जूनमध्ये सामान घेऊन उतरणाऱ्याच्या वाट्याला गळकं छप्पर, ओलं जळण आणि रोज विकतची वैरण येते. पहिल्याच पावसाळ्यात हात टेकून शहरात परत गेलेली घरं मी पाहिली आहेत. त्यातली माणसं आळशी नव्हती, नुसती उशिरा आली होती.

पेरणीचंही तेच. आपल्याकडं बहुतेक भात धूळवाफ पेरतात. वळीव पडून गेला की कुळवून रान भुसभुशीत करायचं आणि रोहिणीत, म्हणजे २५ मेच्या पुढं, कोरड्या मातीत कुरीनं, म्हणजे पेरायच्या अवजारानं, बी सोडायचं. मृगाच्या पावसावर ते उगवून येतं. तुम्ही १० जूनला पोचलात तर शेजारच्या रानात कोंब दिसायला लागलेले असतील आणि तुमचं रान तसंच असेल. मग चिखल करून रोप लावायचं म्हटलं तर तरवा, म्हणजे लावणीचं रोप, टाकलेला नसतो.

आता दिवस कसा जातो ते.

उन्हाळ्यात आमच्याकडं पाचच्या आत उठतात. पहिलं काम गोठ्यात. शेण काढायचं, मूत वाहून जाईल अशी झाडलोट करायची, मूठभर वैरण पुढं टाकायची आणि म्हशीची कास कोमट पाण्यानं धुवून धारेला बसायचं. म्हैस माणूस ओळखते. रोजचा हात बदलला, घाई झाली, कुणी मोठ्यानं बोललं की पान्हा चोरते. त्यामुळं सासूबाई धार काढत असतील तर पहिले पंधरा दिवस तुम्ही नुसतं शेजारी उभं राहा, वैरण टाका, अंगावरून हात फिरवा. मग एक सड तुम्ही, तीन त्या, असं करत हात बदला. साडेसहाच्या सुमाराला दूध डेअरीत पोचलं की सकाळचा अर्धा भार उतरतो.

तिथून दहापर्यंत बाहेरची कामं. परड्यातल्या भाजीला पाणी, गवत कापणं, शेणी लावणं, विहिरीची मोटर वीज असेल तेव्हा. दहाला भाकरी, आमटी नाहीतर खर्डा आणि ताक. अकरा ते साडेतीन उन्हात कुणी जात नाही, म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी तर नाहीच. तो वेळ रिकामा मात्र नसतो. सोप्यात, म्हणजे ओसरीवर, बसून मसूर निवडणं, तांदूळ पाखडणं, खुरप्यांना धार लावणं, दावी वळणं आणि घटकाभर पाठ टेकणं. शहरातून आलेल्या माणसाला ही दुपारची झोप चैन वाटते. पहाटे पाचला उठून रात्री नऊपर्यंत हात चालवायचे तर ती लागतेच. चारनंतर जनावरं धुणं, दुसरी धार, वाळवण उचलणं, पाणी भरणं. दिवेलागणीला स्वयंपाक.

पावसाळ्यात हाच दिवस उलटा होतो. पाऊस थांबेल तेव्हा रानात भांगलण, धरेल तेव्हा घरात. आणि रात्र मोठी वाटते, कारण वीज जाते.

उन्हाळा झेपेल का, असं विचारलंय. बेळगावचा उन्हाळा अथणी-रायबागसारखा नाही. दुपारी ३५-३७ अंशांपर्यंत जातो, पण आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर वर आहोत, त्यामुळं रात्री गारवा उतरतो. घर नीट असेल तर पंख्याशिवाय झोप लागते. नीट म्हणजे काय, तेवढं समजून घ्या. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडं सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काठीखालीच राहते. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला ऊन लागतच नाही. डिसेंबरात मात्र तोच सूर्य दक्षिणेला कलतो आणि वळचणीखालून दोन-तीन फूट सोप्यात आत येतो. जुन्या लोकांनी दक्षिणेला किंवा पूर्वेला सोपा ठेवला तो उगीच नाही: थंडीत बसायला ऊन, उन्हाळ्यात सावली. घर तापवते ती पश्चिमेची भिंत. दुपारी तीन ते सहा ऊन तिच्यावर सरळ येतं, आणि पावसाळ्यात झडही त्याच बाजूनं मारते. भिंत मातीची असेल तर दोन्ही मार तिलाच. म्हणून पहिल्याच वर्षी पश्चिमेला चार-पाच फुटांची पडवी काढा. जळण, शेणी, अवजारं तिच्यात राहतात, भिंत कोरडी राहते आणि आतली खोली संध्याकाळी तापलेली लागत नाही. तिच्यापलीकडं अंतर सोडून जांभूळ किंवा फणस लावा. शेवगा लवकर वाढतो, पण त्याचं लाकूड ठिसूळ; मेमधल्या वळवाच्या वाऱ्यानं फांदी कौलावर येते, तेव्हा तो घराला चिकटून नको.

कौलं काढून सिमेंटचे किंवा लोखंडी पत्रे घालायचा सल्ला तुम्हाला गावातच दहा जण देतील. माकडांचा त्रास आहे, शाकारणीला माणसं मिळत नाहीत, हे खरंच आहे. तरी राहत्या घरावरची कौलं ठेवा. पत्र्याखाली मेमध्ये दुपारी बसवत नाही आणि पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. गोठ्याला पत्रा घातलात तर चालेल, पण वर उसाचा पाला नाहीतर भाताचं पिंजर अंथरा आणि पाऊस सुरू व्हायच्या आत काढून घ्या. शाकारणी एप्रिलअखेर उरका. वळीव सुरू झाला की कौलावर चढणारा माणूस प्रत्येकालाच हवा असतो, मग तो मिळत नाही. फुटकी कौलं बदलताना रीपा ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर आतून वाळवीनं खाल्ली आहे, तिथं नवं कौल बसवून उपयोग नाही.

वाळवणावर मी जास्त लिहिते आहे, कारण हे दुसऱ्याकडून करून घेता येत नाही आणि वर्षाचा स्वयंपाक त्यावर उभा असतो.

खळं किंवा अंगण आधी शेणानं सारवून घ्या, दोनदा. एकदा सारवलं तर मातीचे कण धान्याला लागतात. भात डिसेंबरात मळून झालं की ऊन कोवळं असतं, ते भाताला बरंच आहे. इंद्रायणी, बासमती असलं भात कडक उन्हात जाड थर लावून एकदम वाळवलं की दाण्याला आतून चीर जाते आणि गिरणीत अर्धी कणी होते. पातळ पसरायचं, तासा-दोन तासांनी पायानं रेघा ओढत परतायचं, संध्याकाळी गोळा करून झाकायचं. वाळलं की नाही ते दाताखाली कळतं. दाणा कट्कन तुटला तर झालं. दबला, चपटा झाला तर अजून ऊन हवं. भातात ओल १४ टक्क्यांच्या आत आणि कडधान्यात १० च्या आसपास यावी, तरच वर्ष निघतं. आणि तापलेलं धान्य तसंच कोठीत भरू नका. रात्रभर सावलीत पसरून गार होऊ द्या. गरम धान्य पत्र्याच्या कोठीत गेलं की आतून घाम धरतं आणि वरच्या थराला बुरशी येते.

मसूर, पावटा, हरभरा यांना किडा रानातूनच येतो. फुलपाखरासारखं काही उडत नाही, शेंगेवर घातलेल्या अंड्यातून अळी दाण्यात शिरते आणि घरात आल्यावर भुंगेरा भोक पाडून बाहेर पडतो. म्हणून कडधान्याला फेब्रुवारी-मार्चचं कडक ऊन द्यायचं. मग गार झाल्यावर एरंडेल तेल तळहाताला घेऊन दाणा नुसता चकाकेल इतकंच चोळायचं आणि भरायचं. डाळ करून ठेवली तर तिला भुंगा कमी लागतो; आम्ही वर्षाचा अर्धा मसूर अख्खा आणि अर्धा डाळ असा ठेवतो.

मिरची मार्च-एप्रिलमध्ये घ्या. हुक्केरी तालुक्यातली संकेश्वरी तिखटाला आणि वासाला, हावेरीकडची ब्याडगी रंगाला. घरोघरी प्रमाण वेगळं, आमच्याकडं दोन्ही निम्म्या-निम्म्या. देठ मोडायच्या आधी दोन दिवस ऊन, मोडून परत एक दिवस. मिरची हातात घेऊन हलवली की आत बिया खुळखुळल्या पाहिजेत, पण चुरा व्हायला लागली तर ऊन जास्त झालं, रंग उडतो. संध्याकाळी उचलायला विसरलात आणि दव लागलं तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर पांढरे डाग दिसतात. त्या मिरच्या बाजूला काढा, चटणीत घालू नका. धणे, तीळ, सुकं खोबरं, लसूण भाजून-वाळवून डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीवर, न्यायचं ते सकाळी लवकर, म्हणजे रांग कमी असते आणि डंक तापलेला नसतो. चटणी घरी आणून ताटात पसरून पूर्ण गार झाल्यावरच बरणीत दाबून भरा आणि वर मीठ पेरा.

मग सांडगे, पापड, कुरडया, भरलेल्या मिरच्या, वाळवलेली गवार, आमसुलं. गोव्याकडून येणारी सुकी मासळी, सुकट आणि खारे बांगडे मेमध्ये घेऊन परत एकदा ऊन दाखवायची. आषाढात बाहेर भाजी मिळत नाही तेव्हा हेच ताटात असतं. वाळवण राखायला घरातलं वडीलधारं माणूस लागतं. माकडं, कोंबड्या, शेजारची शेळी आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वळीव. दुपारी दोन-तीनला ढगांचे डोंगर उठले, गार वारा अंगाला लागला की मोजून दहा-पंधरा मिनिटं मिळतात. म्हणून वाळवण ताडपत्रीवर, जुन्या साडीवर किंवा चादरीवरच घाला, चार कोपरे धरून एका झटक्यात आत जाईल असं. सासूबाईंना हे सगळं येत असणार. त्यांना काम सांगू नका, त्यांच्याकडून शिकून घ्या, आणि उन्हात उचलाठेव तुम्ही करा.

शेणी आणि जळणाचं थोडक्यात. गॅस सिलिंडर असला तरी पाणी तापवायला, जनावरांचं आंबोण शिजवायला चूल लागते. संक्रांतीनंतर लावलेल्या शेणी आठ-दहा दिवसांत वाळतात, एप्रिलमध्ये चार दिवसांत. रचून वरून गवतानं शाकारून पडवीत ठेवा. जळण मेच्या आधी फोडून झालं पाहिजे. मात्र सगळं शेण शेणीत घालवू नका. तीन-चार जनावरं असतील तर दोन घनमीटरचा गोबरगॅस बसवा. त्याला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो आणि उरलेली शेणाची रबडी खत म्हणून परत रानात जाते. एका म्हशीवर मात्र तो चालत नाही. मोठी म्हैस दिवसाला १५-२० किलो शेण टाकते, हिशेब तिथंच संपतो.

आता जनावरं. तुमच्या चार प्रश्नांपैकी घर चालेल का, याचं निम्मं उत्तर गोठ्यात आहे.

म्हशीला ऊन सोसत नाही. कातडी काळी, अंगावर केस विरळ, घाम फारसा येत नाही. सकाळी अकराच्या आत आणि दुपारी चारला तिच्या अंगावर पाणी ओता, गोठ्यात वारा खेळू द्या, उन्हाळ्यात ती ६०-७० लिटर पाणी पिते ते पुढ्यात ठेवा. पाणी तापलेल्या टाकीतलं देऊ नका. ती कमी पिते आणि दूध तिथल्या तिथं उतरतं. वैरणीचा हिशेब आधीच मांडा. एका म्हशीला रोज पाच-सहा किलो वाळलेली वैरण आणि वीस-पंचवीस किलो हिरवी. सहा महिन्यांना वाळली वैरणच एक टन होते. एका एकरातलं पिंजर दीड-दोन टन भरतं, म्हणजे दोन जनावरांपुरतं घरचं आहे. हिरव्यासाठी विहिरीजवळ आठ-दहा गुंठ्यांत हत्तीगवत लावा. पिंजराची गंजी दगडी किंवा लाकडी ओट्यावर रचा, जमिनीवर नको, आणि घरापासून, चुलीपासून, विजेच्या तारेपासून लांब. गंजीत उंदीर येतात, उंदरांमागं साप येतात.

सापांवरून आठवलं, मुलं लहान आहेत म्हणून सांगते. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण घालू नका. मण्यार रात्री उबेला अंथरुणात येते, तिचा दंश फारसा दुखत नाही आणि खूणही धड दिसत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढ्यानं ते टळतं. रात्री गोठ्यात जाताना बॅटरी. चावलंच तर सरळ सरकारी दवाखान्यात न्यायचं, मंत्र-तंत्रात एक मिनिटही घालवायचं नाही.

जनावरांच्या लसी मृगाच्या आत: घटसर्प आणि फऱ्या. लाळ्या-खुरकताची पशुवैद्यकीय खात्याची फेरी गावात येते तेव्हा घरी कुणीतरी असावं. म्हैस फळते ती बहुधा थंडीच्या दिवसांत. उन्हाळ्यात माजावर आलेली कळतच नाही. गाभणकाळ दहा महिन्यांच्या वर. म्हणजे एकच म्हैस असेल तर वर्षातले काही महिने घरातही दूध नाही. दुसरी घ्यायची ती पहिलीच्या वेतापासून पाच-सहा महिने अंतर पडेल अशी.

पाण्याचं बघा. पाच माणसं आणि दोन म्हशी यांना उन्हाळ्यात रोज सहाशे-सातशे लिटर लागतं, परड्याची भाजी वेगळी. तुमच्या विहिरीला मेमध्ये किती पाणी राहतं ते सासूबाईंना विचारू नका, मेमध्ये स्वतः दोरी सोडून मोजा. माणसांच्या आठवणीत विहीर नेहमी भरलेली असते. १०० चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर होतात. गळती-उडती धरून वर्षाला ऐंशी-नव्वद हजार लिटर पन्हळीनं सहज गोळा होतं. ते साठवायला टाकी परवडत नाही, पण गाळणखड्ड्यातून विहिरीत सोडता येतं. मृगाचे पहिले दोन-तीन मोठे पाऊस वाहून जाऊ द्या, छप्पर धुऊन निघतं, मग सोडा. न्हाणीचं पाणी केळी, अळू आणि नारळाला. साबण कमी वापरा म्हणजे झालं.

सोलरबद्दल तुमच्या मनात असेलच, पुण्याहून येणारे सगळे तेच आधी विचारतात. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योतीत घरगुती वापर २०० युनिटांच्या आत आणि आपल्या ठरलेल्या सरासरीत असेल तर बिल शून्य येतं. गावच्या घराचा वापर त्याच्या कितीतरी आत असतो. छपरावरच्या प्रकल्पाला केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे खरं, पण बिलच येत नसेल तर पहिल्या वर्षी त्यात पैसा अडकवू नका. शिवाय बॅटरी नसलेली ती यंत्रणा वीज गेली की बंद पडते, आणि आपली अडचण नेमकी तीच आहे. एक छोटा पॅनेल, बॅटरी आणि चार दिवे एवढं पुरे. शेतीपंपाला १० हॉर्सपॉवरपर्यंत वीज फुकट आहे, पण थ्री फेज ठरावीक तासच येते, कधी रात्री. म्हणून उंचावर टाकी बांधा आणि वीज येईल तेव्हा भरून घ्या.

कागदपत्रं: उतारा कन्नडमध्ये असतो. सासरे गेल्यावर वारसा लावला नसेल तर येताच तलाठ्याकडं जा. उताऱ्यावर नाव आणि फ्रूट्स या सरकारी शेतकरी यादीत नोंदणी असल्याशिवाय रयत संपर्क केंद्रात सवलतीचं बियाणं, अवजारं मिळत नाहीत. तुमच्या दोघांत कन्नड कुणाला येत नसेल तर मुलांबरोबर शिका. बाजारात, डेअरीत, दवाखान्यात रोज लागतं, आणि शेजारच्याशी त्याच्या भाषेत चार शब्द बोललात की पैऱ्याला माणूस मिळतो. आपल्याकडं पेरणी, कापणी, मळणी पैऱ्यानं होते. आज मी तुझ्याकडं, उद्या तू माझ्याकडं. नव्यानं आलेल्या घरानं आधी चार दिवस दुसऱ्याच्या रानात जाऊन राबावं, मगच हक्कानं बोलवावं. मजुरी देऊन माणसं मिळतीलच असं सुगीत धरू नका.

एवढ्यावर घर चालेल का? खायचं चालेल. पाच माणसांना वर्षाला सहा-साडेसहा क्विंटल तांदूळ लागतो, म्हणजे भात दहा क्विंटल. बरं पिकलं तर एका एकरात पंधरा-वीस क्विंटल भात होतं. भात निघाल्यावर त्याच रानात राहिलेल्या ओलीवर आणि दवावर मसूर, वाटाणा, हरभरा येतो, वेगळं पाणी लागत नाही. उरलेल्या अर्ध्या एकरात रताळी घाला, बेळगावच्या बाजारात त्यांना बाहेरचे व्यापारी येतात. रानडुकरांचा माग असेल तर मात्र राखणीला माणूस लागेल, तो नसेल तर नको. भाजी, दूध, अंडी घरची. शेळ्या पहिल्या वर्षी घेऊ नका, त्यांच्यामागं एक माणूस दिवसभर जातं आणि परड्यातलं एक रोप टिकत नाही.

पैसा मात्र कमी येतो, आणि हे मी गोड करून सांगणार नाही. दीड एकर आणि दोन म्हशी यांवर खाणं, जनावरं, घराची डागडुजी निघते. दवाखाना, मुलांचं शिक्षण, लग्नकार्याचा आहेर यांना रोख लागते. डेअरीचं बिल दहा-पंधरा दिवसांनी येतं तोच घरातला फिरता पैसा, त्यात नंदिनीच्या, म्हणजे कर्नाटकच्या सहकारी दूध संघाला दूध घातलं तर राज्य सरकारचं लिटरमागं ५ रुपये प्रोत्साहन मिळतं. तुमच्यापैकी एकाला पुण्याचं काम अर्धवेळ घरून करता येत असेल, किंवा बेळगावात काही धरता येत असेल, तर पहिली तीन वर्षं ते सोडू नका. पूर्णवेळ दोघांनी शेतात उतरायची घाई करणाऱ्यांचीच तारांबळ उडते. आणि हाताशी वर्षभराचा खर्च ठेवून या. पहिल्या वर्षीचा बराचसा पैसा छप्पर, पडवी आणि गोठ्यात जाईल, पिकात नव्हे.

म्हणून क्रम असा धरा. संक्रांतीनंतर एकानं यायचं, शेजारच्यांच्या मसुराच्या काढणीला आणि मळणीला हात लावायचा. शिमग्यापर्यंत गोठा, पडवी आणि कडधान्याचं वाळवण. एप्रिलमध्ये मिरची, शाकारणी. मेमध्ये जळण, लसी, विहिरीचं माप, बियाणं, मुलांचा शाळाप्रवेश. रोहिणीत पेरणी जाणत्या शेजाऱ्याच्या कुरीमागं चालत. मग ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर येतो, तोवर पाऊस धरलेला असतो आणि घराला बाहेरचं फारसं काही लागत नाही.

दुसरी म्हैस त्या गडबडीत घेऊ नका. सप्टेंबरनंतर ताज्या वेताच्या म्हशी बाजारात येतात तेव्हा बघा. विकणारा सांगेल त्या लिटरवर जाऊ नका. आदल्या संध्याकाळी त्याच्या गोठ्यावर जा, तुमच्यासमोर पूर्ण धार काढून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत जा. दोन्ही वेळचं दूध मोजा, चारही सडांतून सारखी धार येते का बघा, दूध काळ्या कापडावरून गाळून गाठी नाहीत ना ते तपासा, म्हैस चालवून बघा. शक्य झालं तर सासूबाईंना बरोबर न्या आणि एक धार त्यांना काढू द्या. नव्या हाताला म्हशीनं दूध दिलं तर ती तुमच्या घरी रुळेल.